टॅक्रोलिमसपासून बीसीएल-६ पर्यंत : टी पेशी आणि अँटीबॉडी यांची पार्श्वभूमी

किडनी बदललेल्या रुग्णाला टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची, लेव्हल वरचेवर काढावी लागते. रिपोर्टमधला आकडा रक्तातल्या औषधाचा असतो, पण औषधाचे काम चालते टी पेशीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका पांढऱ्या पेशीच्या, आत. तिथे ते एनफॅट नावाच्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला अडवून धरते. डीएनएच्या ठरावीक जागी बसून कोणते जनुक चालू आणि कोणते बंद हे ठरवणारे प्रथिन म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. या प्रथिनांचा इतिहास चाळला तर बहुतेक वेळा आधी औषध किंवा आजार हाती आलेला दिसतो. कारण मागाहून सापडते.

छातीतल्या थायमस या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले. मिचेल आणि मिलर यांच्या १९६८ च्या प्रयोगांतून कळले की अँटीबॉडी बी पेशींच्या वंशातून येतात, पण थायमसमधून आलेल्या पेशींच्या, म्हणजेच टी पेशींच्या, मदतीशिवाय त्यांचे पान हलत नाही. ही मदत पेशीच्या आत कोण ठरवते, हे स्पष्ट व्हायला आणखी चाळीस वर्षे गेली.

सायक्लोस्पोरिन हे टॅक्रोलिमसच्याच जातीचे औषध अमेरिकेत १९८३ मध्ये मंजूर झाले, तेव्हा ते नेमके कशावर चालते हे माहीत नव्हते. १९८८ मध्ये क्रॅबट्री यांच्या प्रयोगशाळेने एनफॅटचे वर्णन केले, आणि १९९१ मध्ये सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस दोन्ही कॅल्सिन्युरिन या एन्झाइमला निकामी करतात हे उलगडले. टी पेशी उत्तेजित झाली की आतले कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्युरिन एनफॅटवरचे फॉस्फेट काढते, एनफॅट केंद्रकात शिरतो आणि टी पेशींना वाढायला लावणाऱ्या इंटरल्यूकिन-२ चे जनुक चालू होते. कॅल्सिन्युरिन बंद, की एनफॅट बाहेरच.

लेव्हलचे रक्त सकाळच्या गोळीआधी, म्हणजे आधीच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, ईडीटीएच्या जांभळ्या बुचाच्या नळीत घ्यायचे असते. गोळी घेऊन मग रक्त दिले की आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी होतो. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले तर उलटे घडते : यकृत औषध झपाट्याने फोडते आणि लेव्हल कोसळते. नागपुरात, संत्र्यांच्या या शहरात, कोणते फळ चालते हा प्रश्न हमखास येतो. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य, कारण त्यांतली फ्युरानोकौमरिन्स औषध फोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात. नागपुरी संत्र्याची तशी ख्याती नाही.

मोसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या मदतनीस टी पेशींचे टीएच-१ आणि टीएच-२ असे दोन गट पाडले. मग प्रत्येक गटाचा मालक, म्हणजे त्याला घडवणारा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, शोधण्याची शर्यतच लागली. टीएच-२ साठी गाटा-३ (१९९७), टीएच-१ साठी टी-बेट (२०००), पुढे सापडलेल्या टीएच-१७ या गटासाठी आरओआर-गॅमा-टी (२००६). ‘मालक’ हा शब्द जरा जास्तच झाला. एकाच पेशीत टी-बेट आणि गाटा-३ दोन्ही सापडतात. कुणाचे प्रमाण किती आणि कोणत्या वेळी, यावर पेशीचा स्वभाव ठरतो.

फॉक्सपी-३ या फॅक्टरची गोष्ट मात्र जवळपास निखळ आहे. ‘स्कर्फी’ जातीचे उंदीर आणि आयपेक्स नावाचा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा गंभीर आजार असलेली मुले, दोघांतही हेच जनुक बिघडलेले असल्याचे २००१ मध्ये दिसले. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी याच जनुकावर उभ्या आहेत, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे नोबेल याच कामासाठी मिळाले.

अँटीबॉडीकडे नेणारा धागा कर्करोगातून आला. बीसीएल-६ हे जनुक १९९३ मध्ये बी पेशींच्या लिम्फोमात (लसिका पेशींच्या कर्करोगात), तिसऱ्या गुणसूत्राच्या तुटलेल्या जागी सापडले. १९९७ मध्ये ते काढून टाकलेल्या उंदरांत जर्मिनल सेंटरच तयार झाले नाही. लसिका गाठीतल्या या केंद्रात बी पेशी आपली अँटीबॉडी बदलून पाहतात आणि जिची पकड घट्ट, ती टिकते. शतकाच्या सुरुवातीला तिथे मदत करणाऱ्या फॉलिक्युलर हेल्पर टी पेशी ओळखल्या गेल्या, आणि २००९ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की त्यांनाही बीसीएल-६ च घडवतो. त्याच्या विरुद्ध बाजूला ब्लिंप-१ हा फॅक्टर (शोध १९९४) : तो बी पेशीला अँटीबॉडी ओतणारी प्लाझ्मा पेशी बनवतो. दोघे एकमेकांना दाबतात. ब्लिंप-१ लवकर वरचढ झाला तर अँटीबॉडी झटपट मिळते, पण पकड कच्ची राहते.

केंद्र उभे राहायला साधारण आठवडा लागतो आणि निवड पुढे अनेक आठवडे चालते. हेपटायटिस-बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी देण्यामागे हेही एक कारण आहे : शेवटचा डोस आधीच निवडलेल्या स्मृतिपेशींना पुन्हा कामाला लावतो. टॅक्रोलिमसवर असलेल्याला लस कमी लागू पडते, कारण हेल्पर पेशींचा एनफॅटच दाबलेला असतो. म्हणून लसी शक्यतो प्रत्यारोपणाआधी उरकतात, डायलिसिसवरच्या रुग्णाला दुप्पट डोस देतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचे प्रमाण, पाहतात. १० मिली-युनिट प्रति मिलिलिटरच्या खाली आकडा म्हणजे संरक्षण धरता येत नाही. प्रत्यारोपणानंतर जिवंत लसी टाळतात.

हे फॅक्टर फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे रंगवलेल्या पेशी लेसरसमोरून एकेक नेऊन मोजणाऱ्या तंत्रावर, मोजताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला बफरचा : सायटोकाइनसाठीच्या (पेशींच्या संदेश-प्रथिनांसाठीच्या) साध्या सॅपोनिन बफरने पेशीचे बाहेरचे आवरण उघडते, पण केंद्रकातला फॉक्सपी-३ नीट रंगत नाही. त्यासाठी केंद्रकापर्यंत पोचणारा वेगळा संच लागतो, आणि पृष्ठभागावरचे रंग फिक्स करण्याआधी लावून घ्यावे लागतात. माणसाच्या साध्या टी पेशीही उत्तेजित झाल्यावर थोडा वेळ फॉक्सपी-३ दाखवतात, त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणांपैकी सीडी-२५ जास्त आणि सीडी-१२७ कमी ही जोडी पाहिल्याशिवाय नियंत्रक पेशी मोजू नयेत. दुसरा घोटाळा उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुचाकीच्या डिकीतून आलेले रक्त तापलेले असते, आणि घाबरून बर्फावर ठेवले तरी पेशींचे नुकसानच. १८ ते २५ अंशांत, थर्माकोलच्या डब्यात, बर्फ नळीला न भिडवता, २४ तासांच्या आत नमुना पोचला पाहिजे.