गार्डांमधील चेंडू हाताळणीची वाटणी (बास्केटबॉल)

बास्केटबॉल संघात चेंडू पुढे आणणे, चाल सुरू करणे आणि दबाव वाढला की तो सुखरूप ठेवणे या जबाबदाऱ्या दोन गार्डांमध्ये, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूंमध्ये, कशा विभागायच्या, यासंबंधीची डावपेचाची पद्धत. पॉइंट गार्ड हा पहिला गार्ड, शूटिंग गार्ड हा दुसरा. पुण्याच्या कोर्टांवर त्यांना ‘एक नंबर’ आणि ‘दोन नंबर’ म्हणतात. एक नंबरने चेंडू आणायचा आणि दोन नंबरने शॉट मारायचा, ही ढोबळ विभागणी सगळ्यांना ठाऊक असते. पण समोर चांगला बचाव उभा राहिला की एकाच खेळाडूच्या हातावर चालणारा संघ अडकतो. उलट दोघांनाही हवा तेव्हा चेंडू मिळू लागला, तर चाल कोण चालवतो आहे हेच उरलेल्या तिघांना कळत नाही. त्यामुळे वाटणी प्रसंग पाहून करावी लागते आणि ती सामन्याआधी ठरलेली असावी लागते.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते. चेंडू ताब्यात आल्यावर 8 सेकंदांत मधली रेषा ओलांडावी लागते, 24 सेकंदांत शॉट घ्यावा लागतो आणि एकदा पुढच्या अर्ध्यात नेलेला चेंडू परत मागे आणता येत नाही. चेंडू हातात धरून उभ्या राहिलेल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याने जवळून अडवले, तर 5 सेकंदांत पास, ड्रिबल (चेंडू आपटत नेणे) किंवा शॉट यांपैकी काहीतरी करणे भाग असते. आक्रमक रिबाउंड, म्हणजे आपल्याच चुकलेल्या शॉटचा चेंडू परत, मिळाला तर नवे 24 सेकंद मिळत नाहीत, 14 मिळतात.

चांगल्या वरिष्ठ संघांच्या 40 मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण 70 वेळा चेंडू येतो, म्हणजे एका चालीला सरासरी 17 सेकंद. त्यातले सहा-सात सेकंद चेंडू आणण्यातच गेले, तर चालीसाठी जेमतेम दहा उरतात. वाटणीचा सगळा खटाटोप हे सेकंद वाचवण्यासाठी असतो.

तीन वेगळी कामे

चेंडू हाताळणे हे एकच काम समजले जाते, तिथे बहुतेक घोटाळा होतो. प्रत्यक्षात कामे तीन आहेत आणि ती एकाच खेळाडूला उत्तम जमतील असे नाही.

पहिले काम चेंडू मधल्या रेषेपलीकडे आणण्याचे. ज्याला रिबाउंडनंतरचा पहिला पास मोकळेपणी मिळतो, त्याने चेंडू घेऊन निघावे. एक नंबर कुठे आहे हे शोधत थांबणारा संघ जलद आक्रमणाची संधी स्वतःच घालवतो. दोन नंबरला किमान एवढे यायलाच हवे की मान वर ठेवून, कोणत्याही हाताने, तो चेंडू रेषेपार नेईल.

दुसरे काम चाल सुरू करण्याचे: कोणती चाल हे सांगणे, स्क्रीन (सहकाऱ्याने बचावपटूच्या वाटेत उभे राहून केलेला आडोसा) केव्हा घ्यायची ते ठरवणे, उंच खेळाडूला योग्य क्षणी पास देणे. यात सातत्य लागते. दर वेळी माणूस बदलला तर स्क्रीन लावणाऱ्याला कोणाच्या पावलांवर नजर ठेवायची ते समजत नाही. म्हणून हे काम बहुतांशी एकाकडेच ठेवणे योग्य. तो संघातला सर्वांत वेगवान नसला तरी चालेल, पण कोर्ट वाचणारा हवा.

तिसऱ्या कामाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चाल फसली, घड्याळावर सात सेकंद उरले, आता समोरच्या माणसाला चुकवून काहीतरी निर्माण करायचे आहे. हा चेंडू कोणाचा? अनेक संघांत हा अधिकार सवयीने एक नंबरकडे जातो. खरे तर तो एकास-एक खेळात सरस असलेल्याचा आहे, आणि तो बऱ्याचदा दोन नंबर असतो. शिवाय तोवर एक नंबरवरचा बचावपटू त्याच्या हालचालींना सरावलेला असतो. चेंडू दुसऱ्या बाजूला फिरला की बचावाला वळावे लागते, सरकावे लागते. दुसऱ्या बाजूने लगेच दुसरी स्क्रीन लागली, तर मदतीला धावणारा बचावपटू निम्म्या वाटेत सापडतो. दुसऱ्या गार्डला ड्रिबल आणि पास दोन्ही येत असतील, तरच हे साधते.

सर्वसाधारण महाविद्यालयीन संघासाठी चाल सुरू करण्याचा दोन-तृतीयांश भार पहिल्या गार्डवर आणि एक-तृतीयांश दुसऱ्यावर ही चांगली सुरुवात ठरते. दुसऱ्याचा वाटा त्याहून बराच खाली गेला, तर ऐनवेळी चेंडू हाती आल्यावर त्याला सूर सापडत नाही. वाटा अर्ध्यावर न्यायचा असेल, तर दोघांनाही चेंडूशिवाय खेळता यायला हवे: कोपऱ्यात उभे राहून शॉटसाठी तयार असणे, पास दिल्यावर कट मारणे, म्हणजे झटकन मोकळ्या जागेत धावणे, सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावणे. अर्धी वाटणी बहुतेक इथेच फसते. चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहणारा गार्ड स्वतःच्या बचावपटूला मदतीसाठी मोकळा करून देतो.

फुल कोर्ट प्रेस

वाटणीची खरी परीक्षा फुल कोर्ट प्रेसमध्ये, म्हणजे बचाव संपूर्ण कोर्टभर दबाव टाकतो तेव्हा, होते. समोरच्या संघाने बास्केट केली आहे, आपला उंच खेळाडू बेसलाइनबाहेरून चेंडू आत टाकणार आहे आणि त्यासाठी त्याच्याकडे 5 सेकंद आहेत. एक नंबरला बचावपटूने तोंडासमोर उभे राहून झाकले आहे. दोन नंबर सवयीप्रमाणे पुढे पळून गेला असेल, तर चेंडू उंच फेकण्याशिवाय उपाय राहत नाही आणि तो हमखास कापला जातो.

त्याऐवजी दोन नंबर कोपऱ्याकडे येतो आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून चेंडू घेतो. आता पहिली गोष्ट वळून बघण्याची. लगेच ड्रिबल टाकण्याची घाई करायची नाही. ड्रिबल वापरायचे बाकी आहे तोवर सुटकेची वाट उघडी असते. ट्रॅप करायला, म्हणजे दोघांत कोंडायला, दुसरा बचावपटू धावतो त्याच क्षणी कोर्टच्या मध्यभागी एक फॉरवर्ड (गार्डांपेक्षा बास्केटच्या जवळ खेळणारा खेळाडू) उघडा पडतो. चेंडू त्याच्याकडे, त्याच्याकडून पलीकडच्या बाजूने वर आलेल्या एक नंबरकडे. दोन पास, चार-पाच सेकंद, आणि समोर तीन बचावपटूंवर चार आक्रमक. हेच दोन नंबर घाबरून साइडलाइनला चिकटून ड्रिबल करत निघाला, तर मधल्या रेषेच्या कोपऱ्यात तो संपतो. तिथे साइडलाइन आणि मधली रेषा हे आणखी दोन बचावपटूच असतात: रेषा ओलांडली तर मागे येता येत नाही, न ओलांडावी तर 8 सेकंद भरत आलेले.

गाजलेल्या जोड्या

मॅजिक जॉन्सन 1979 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्समध्ये आला तेव्हा नॉर्म निक्सन हा पॉइंट गार्ड तिथे आधीपासून होता. चेंडूवर सारखाच हक्क असलेल्या या दोघांनी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेची 1980 आणि 1982 ची विजेतेपदे मिळवली. 1983 मध्ये निक्सनला सॅन डिएगो क्लिपर्सकडे देऊन लेकर्सने बायरन स्कॉटला घेतले. तो पास मिळताच शॉट मारणारा होता. चेंडू जॉन्सनच्या हाती एकवटला आणि 1985, 1987, 1988 ची विजेतेपदे आली. दोन्ही मांडण्या जिंकल्या, हे विसरू नये. हाताशी असलेल्या खेळाडूंवरून वाटणी ठरते, सगळ्या संघांना लागू पडेल असे एकच प्रमाण नसते.

डेट्रॉइट पिस्टन्सच्या आयझेया थॉमस आणि जो डुमार्स यांनी समान भागीदारीचा उत्तम नमुना दाखवला. संघ 1989 आणि 1990 मध्ये लागोपाठ जिंकला. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू पहिल्या वर्षी डुमार्स, दुसऱ्या वर्षी थॉमस. शिकागो बुल्सने तिसराच मार्ग घेतला. फिल जॅक्सन यांच्या संघाने टेक्स विंटर यांची त्रिकोणी आक्रमणपद्धत स्वीकारली. तीत गार्ड पास देऊन जागा बदलतात, आणि चेंडू पुढे आणण्याचे बरेचसे काम 203 सेंमी उंचीचा फॉरवर्ड स्कॉटी पिपेन करी. त्यामुळे मायकेल जॉर्डनची ताकद शेवटच्या फटक्यासाठी राखली जाई. महिलांमध्ये अमेरिकेच्या स्यू बर्ड आणि डायना टॉरासी यांनी 2004 पासून टोकियोपर्यंत पाच ऑलिंपिक सुवर्णपदके एकत्र जिंकली. चाल बर्डची, फटका टॉरासीचा, पण गरज पडली की टॉरासीही चेंडू आणू शकत होती.

ह्यूस्टन रॉकेट्सचे 2017-18 चे उदाहरण प्रशिक्षकांनी जरूर अभ्यासावे. जेम्स हार्डन असलेल्या संघात ख्रिस पॉल आला, तेव्हा एकच चेंडू दोघांना कसा पुरणार अशी शंका घेतली गेली. प्रशिक्षक माइक डॅन्टोनी यांनी दोघांच्या विश्रांतीच्या वेळा वेगळ्या ठेवल्या, त्यामुळे दोघांपैकी एक जण जवळपास कायम कोर्टवर असे. संघाने साखळीत 65 सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध 3-2 अशी आघाडी मिळाली, पण पाचव्या सामन्याच्या अखेरीस पॉलच्या मांडीचा स्नायू दुखावला. उरलेले दोन सामने त्याच्याविना झाले आणि दोन्ही हरले. सातव्या सामन्यात संघाचे तीन गुणांचे सलग 27 शॉट चुकले. त्यात नशिबाचा भाग होताच. पण दुसरा हाताळणारा नसला की पहिल्यावर किती ओझे पडते आणि दमलेल्या संघाचे शॉट कसे आखूड पडू लागतात, तेही त्या सामन्यात दिसले.

पुण्यातील चित्र

डेक्कन जिमखान्यापासून शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांपर्यंत पुण्यात बास्केटबॉल मोठ्या प्रमाणात उघड्या कोर्टांवर शिकला जातो. सिमेंटच्या कोर्टवर उसळी कडक असते, वर बारीक धूळ असते, आणि वेगात दिशा बदलताना बूट सरकतो. अशा ठिकाणी ज्याचा हात लवकर बसतो, तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आपोआप संघाची एक नंबर होते. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. चौदाच्या गटात असा एक चपळ खेळाडू एकट्याने सामने काढून देतो, कारण त्या वयात नीट ट्रॅप करणारे संघ थोडे. मग सगळे सराव त्याच्याभोवती रचले जातात. बाकीचे त्याच्याकडे चेंडू देऊन बाजूला होतात.

याची किंमत एकोणीसच्या गटात आणि नंतर आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मोजावी लागते. समोरचा संघ त्या एकाला दोघांत पकडतो, चेंडू दुसऱ्या गार्डकडे येतो, आणि त्याने इतकी वर्षे कोपऱ्यात उभे राहण्यापलीकडे काही केलेले नसते. बाकावरून सर ओरडतात, ‘‘अरे, तू घेऊन जा ना!’’ पण ते शिकवायची वेळ पाच वर्षांपूर्वीच होऊन गेलेली असते. ‘बॉल खातो’ हा आरोप अशा वेळी पहिल्या गार्डवर होतो. तो अन्यायाचा आहे; चेंडू दुसऱ्याकडे जाण्याची सोयच संघाने केलेली नसते. चौदा वर्षांखालील संघात पाचही जणांनी आळीपाळीने चेंडू आणावा, त्यात चार सामने हरले तरी चालेल, ही भूमिका जास्तीत जास्त शाळांनी घ्यायला हवी.

पावसाळ्यात ओल्या कोर्टवर ड्रिबलचा सराव धोक्याचा असतो, आणि छताखालचे कोर्ट प्रत्येक संघाला मिळत नाही. त्या महिन्यांत व्हरांड्यात उभ्याउभ्या करण्याजोगी एक गोष्ट गार्डांच्या जोडीसाठी फार उपयोगी आहे: कमकुवत हाताने पास. उजव्या हाताने खेळणाऱ्या गार्डला डाव्या हाताने एका उसळीचा पास अचूक देता आला, तर ट्रॅपमधून निघणारा रस्ता दुप्पट होतो. संध्याकाळी सोसायट्यांच्या अर्ध्या कोर्टवर चालणारा तीन-तीनचा खेळही कामी येतो. त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत शॉटसाठी 12 सेकंद असतात आणि बचावात मिळालेला चेंडू आधी बास्केटभोवतीच्या कमानीबाहेर न्यावा लागतो, त्यामुळे कोणालाच हाताळणीतून सुटका नाही.

मोजणी

गुणपत्रकावर गुण आणि फाउल दिसतात, वाटणी दिसत नाही. संघात बारा खेळाडू असतील तर सात बाकावर असतात. त्यांतल्या एकाला वही-पेन्सिल द्यावी. मधली रेषा चेंडूसह कोणी ओलांडली, घड्याळात सात सेकंद उरले तेव्हा चेंडू कोणाकडे होता, आणि चेंडू कोणी गमावला, एवढ्याच तीन खुणा. दोन-तीन सामन्यांत चित्र स्पष्ट होते. टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) पहिल्या गार्डच्या नावावर जास्त दिसतील, कारण चेंडू त्याच्याकडेच जास्त असतो. म्हणून आकडा हाताळणीच्या प्रमाणात वाचावा.

बदली, फाउल आणि शेवटची दोन मिनिटे

पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो. पहिल्या गार्डचे तिसऱ्या क्वार्टरमध्ये चार झाले, तर त्याला बसवून दुसऱ्याकडे चाल सोपवावी लागते, आणि तिसरा गार्ड शॉटसाठी आत येतो. ही अदलाबदल सरावात करून पाहिलेली असावी.

शेवटच्या दोन मिनिटांत आघाडी असेल, तर समोरचा संघ मुद्दाम फाउल करणार. क्वार्टरमधले संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात. तेव्हा चेंडू सरस फ्री थ्रो मारणाऱ्या गार्डकडे असावा, मग तो एक नंबर असो वा दोन. पिछाडीवर असताना चौथ्या क्वार्टरच्या या दोन मिनिटांत मागच्या अर्ध्यात चेंडू मिळाला, तर टाइमआउट घेऊन तो पुढच्या अर्ध्यातून आत टाकण्याची मुभा आहे. चेंडू आणण्याचे काम मग संपते. मात्र शॉटसाठी जास्तीत जास्त 14 सेकंद मिळतात. चेंडू आत टाकणारा इथे घेणाऱ्याइतकाच महत्त्वाचा. बरेच प्रशिक्षक उत्तम पास देणाऱ्या पहिल्या गार्डलाच बाहेर उभे करतात. तो दुसऱ्याकडे पास टाकतो आणि लगेच आत शिरतो. त्या क्षणी त्याच्यावरचा बचावपटू बहुधा चेंडूकडे बघत असतो, आणि परतीचा पास त्याला बास्केटच्या वाटेवर मिळतो.