वाऱ्यासाठी कॅलिबर आणि .308 मागचा इतिहास

आपल्या गोव्यात लांब पल्ल्याच्या नेमबाजीची आवड असलेली मंडळी कॅलिबरबद्दल, म्हणजे गोळीच्या व्यासाबद्दल (.308 म्हणजे 0.308 इंच) बोलायला लागली की कोणीतरी म्हणतंच, .308 घ्या, आर्मीवाल्यांनी उगाच निवडलेली नाही. पण ती निवड झाली तेव्हा वाऱ्याचा विचार जवळजवळ झालाच नव्हता.

गोळी किती वेळ हवेत राहते यापेक्षा हवेच्या विरोधामुळे तिला किती उशीर होतो, त्यावर वारा तिला किती ढकलणार ते ठरतं. म्हणून बारीक, लांबट गोळी फायद्याची. आडवा वारा ताशी 16 किमी असेल तर 1000 यार्डांवर .308 ची 175 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी साधारण सव्वादोन ते अडीच मीटर सरकते, 6.5 मिमीची 140 ग्रेनची चांगली गोळी पावणेदोनच्या आसपास.

बारीक गोळीची कल्पना तशी जुनीच. स्वीडनकडे 1890 च्या दशकापासून 6.5 होती, आणि गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालनेसुद्धा 1904 ला 6.5 मिमीची मावझर-वर्गेइरो रायफल घेतली, पुढे 1937 ला ती सोडून 7.92 कडे गेले.

खरा घोळ 7 मिमीचा. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात बोअरांच्या 7 मिमी मावझरचा मार खाल्ल्यावर ब्रिटिशांनी 1913 ला .276 तयार केली, पण महायुद्ध आलं आणि ती बाजूला पडली. मग अमेरिकेत दुसऱ्याच एका .276 ची चाचणी झाली, गोळी चांगली ठरली, तरी 1932 ला वरून नकार आला, एक मोठं कारण म्हणजे .30 कॅलिबरच्या काडतुसांचा साठा पडून होता. तिसऱ्यांदा 1951 ला ब्रिटनने 7 मिमीची .280 अधिकृतपणे स्वीकारली आणि अमेरिका ऐकत नाही म्हणून थोड्याच काळात सोडून दिली. 1954 ला नाटोत 7.62 बाय 51 (गोळीचं कॅलिबर आणि काडतुसाच्या केसची लांबी, मिमीत) ठरलं, .308 विंचेस्टर हा त्याचाच 1952 चा नागरी भाऊ. माझ्या मते ही चूकच होती. लष्कराला ताकद हवी होती हे मान्य, पण कागदी टार्गेटवर नेम धरणाऱ्या नेमबाजाला त्या ताकदीचा काय उपयोग, आणि लष्करी काडतूस म्हणजे स्वस्त काडतूस, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं स्पर्धाही त्याच गोळीवर चालल्या. गंमत म्हणजे 2022 ला अमेरिकन सैन्याने 6.8 निवडली, तिच्या गोळीचा व्यास .277 इंच, म्हणजे फिरून 7 मिमीच.

स्पर्धांमध्ये बदल आला तो 2007 ला 6.5 क्रीडमूर आल्यावर. हे काडतूस मुळातच टार्गेटसाठी बनवलेलं, लांब गोळी बसावी म्हणून केस, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, आखूड ठेवलेली. आता स्टील प्लेटवाल्या स्पर्धांमध्ये 6 मिमी जास्त दिसते, धक्का कमी म्हणून आपली गोळी कुठे पडली ते स्कोपमधून स्वतःलाच दिसतं आणि वाऱ्याची दुरुस्ती लगेच करता येते. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकारातल्या एफटीआर गटात मात्र अजून फक्त .223 आणि .308 चालतात, तिथे वारा वाचणं हीच खरी परीक्षा.

भारतात तर हा वाद निम्मा कायद्यानेच मिटवलाय. .303 किंवा 7.62 ची लष्करी काडतुसं ज्यात चालतात ती रायफल प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर मिळत नाही, त्यामुळे जे .308 बेस्ट म्हणतात त्यांच्याही हातात बहुतेक वेळा .315 किंवा .30-06 च येते.