मानव-डुक्कर तौलनिक जनुकनकाशा

माणसाच्या आणि डुकराच्या गुणसूत्रांवर एकाच मूळाची जनुके कुठे व कोणत्या क्रमाने आहेत, हे ताडून तयार केलेला नकाशा. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, डुकरात १९. दोघांचे वंश वेगळे होऊन आठ-नऊ कोटी वर्षे लोटली, तरी जनुकांचे मोठमोठे पट्टे अजून एकसंध आहेत.

मानवी गुणसूत्राचा डीएनए चकाकत्या रंगाने रंगवून डुकराच्या गुणसूत्रांवर सोडला की सारख्या भागाला तो चिकटतो. १९९० च्या दशकात या तंत्राने दिसले, की माणसाचे १७ वे गुणसूत्र डुकराच्या १२ व्याशी आणि १३ वे ११ व्याशी जुळते. बाकीच्यांत मोडतोड बरीच आहे. डुकराच्या ७ व्यात माणसाच्या ६, १४ आणि १५ व्याचे तुकडे सापडतात. पट्टा जुळला म्हणजे आतला क्रमही जुळला, असे मात्र नव्हे.

या नकाशाचा खरा कस लागला तो भुलीच्या प्रश्नात. पिएट्रेनसारख्या जातींतल्या काही डुकरांना हॅलोथेन हे भुलीचे औषध हुंगवले की पाय लाकडासारखे ताठ होतात, ताप भडकतो; अशी जनावरे कत्तलखान्याच्या वाटेवर नुसत्या धसक्यानेही दगावतात आणि त्यांचे मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सुटलेले निघते. काही माणसांनाही भूल दिल्यावर असाच जीवघेणा ताप चढतो. डुकरात हा दोष ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज या विकराच्या जनुकाशेजारी असल्याचे माहीत होते, आणि माणसात ते जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे. तिथेच शोध घेतल्यावर १९९० मध्ये माणसातला दोषही सापडला. स्नायूंत कॅल्शियम सोडणाऱ्या प्रथिनाचे (आरवायआर१) जनुक त्याच जागी होते. १९९१ मध्ये डुकराच्या या प्रथिनात ६१५ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन हे दुसरे अमिनो आम्ल आढळले. काही मानवी कुटुंबांत नेमका तोच बदल ६१४ व्या जागी मिळाला. पिलांच्या तोंडावर हॅलोथेनचा मुखवटा धरून पारख करण्याऐवजी पैदासकारांना डीएनए चाचणी मिळाली.

२०१२ मध्ये ड्युरॉक जातीच्या एका मादीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि तुलना थेट डीएनएच्या अक्षरागणिक होऊ लागली. फरकही तितकेच मोलाचे. पेशींवर अल्फा-गॅल ही शर्करा चढवणारे जनुक डुकरात चालू आहे, माणसात त्याचा निकामी अवशेष उरला आहे. म्हणून आपले शरीर डुकराचा अवयव तत्काळ झिडकारते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड येथे एका रुग्णाला ज्या डुकराचे हृदय बसवले, त्यात हे जनुक आधीच बंद केलेले होते.