औषधाची नाडी बघणारे डॉक्टर

मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेणारी माणसं सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील. त्या गोळीतला मूळ औषधी घटक आपल्याच एमआयडीसीत तयार होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पण घटक तयार झाला म्हणजे औषध झालं असं नाही. ते कोणाला द्यायचं, किती द्यायचं, कोणाला अजिबात द्यायचं नाही, हे ठरवण्याचं खास शिक्षण डॉक्टरांना घ्यावं लागतं. त्या शाखेला फार्मास्युटिकल मेडिसिन म्हणतात.

मेटफॉर्मिनच्याच घराण्यात फेनफॉर्मिन नावाचं औषध होतं. साखर तेही उतरवायचं. पण काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल इतकं साठायचं, की जिवावर बेतायचं. १९७७ मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढलं. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फारच कमी, तरी तिथे त्याला परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. आजही मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टमधला ईजीएफआर, ३० च्या खाली गेला की ही गोळी देत नाहीत.

त्याहून अवघड पेच २०२० मध्ये पडला. अमेरिकेत काही कंपन्यांच्या, हळूहळू विरघळणाऱ्या मेटफॉर्मिन गोळ्यांत एनडीएमए हे द्रव्य मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. त्याने कर्करोग होण्याची शक्यता असते, म्हणून मर्यादा दिवसाला फक्त ९६ नॅनोग्रॅम. साठे परत मागवले गेले. त्याच वेळी रुग्णांना बजावलं गेलं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. दोन्ही सूचना बरोबर होत्या. एनडीएमएचा धोका अनेक वर्षांनंतरचा आणि तोही कदाचित. गोळी सोडली तर साखर मात्र लगेच चढणार. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडता येणं, हेच मला या शिक्षणाचं सार वाटतं.

ब्रिटनमध्ये या शाखेसाठी १९८९ मध्ये स्वतंत्र फॅकल्टी स्थापन झाली. तिथलं विशेष प्रशिक्षण साधारण चार वर्षांचं असतं आणि डॉक्टर ते नोकरी करता करताच घेतात. औषधांचे कायदे, संख्याशास्त्र, चाचण्यांची आखणी, औषध बाजारात आल्यानंतरची देखरेख असे त्यातले विषय. आपल्याकडे एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी फार्माकोलॉजी आणि त्यापुढे डीएम क्लिनिकल फार्माकोलॉजी अशी वाट आहे. मुंबईच्या केईएममध्ये डीएमची सोय आहे. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथल्या हुशार मुलामुलींनी रेडिऑलॉजी किंवा मेडिसिन मिळालं नाही म्हणून नव्हे, तर आवडीने या वाटेला जावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांना इथली एक गोष्ट फार उपयोगी पडेल. सोलापुरात मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. समजा, पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या एखाद्या आजींना नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं आहे. मराठी कागदावर त्यांचा अंगठा उमटवला म्हणजे संमती झाली, असं होत नाही. त्यांना तेलुगूत सांगावं लागतं: कदाचित तुम्हाला औषध नसलेली गोळी मिळेल, मधेच सोडून जायची मुभा आहे, सोडलं तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत. मग त्यांच्याच तोंडून ऐकायचं, काय समजलं ते. वाचता येत नसेल तर त्या सगळ्या बोलण्याला त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो, त्याची सही लागते. भारतातले २०१९ चे चाचणी नियम याबाबत कडक आहेत. चाचणीत कोणाला गंभीर त्रास झाला, तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं.

पण चाचणीत माणसं असतात काही शे किंवा काही हजार. लाखात एखाद्याला होणारा त्रास तिथे दिसतच नाही. तो दिसतो औषध दुकानात आल्यावर. त्यासाठी भारतात २०१० पासून औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तिथे आलेली प्रत्येक तक्रार प्रशिक्षित माणूस तपासतो. गोळी सुरू केल्यावर किती दिवसांनी चट्टे उठले? थांबवल्यावर गेले का? सोबत दुसरं कोणतं औषध चालू होतं?

ही माहिती रुग्ण स्वतःही देऊ शकतो. नंबर १८००-१८०-३०२४, फोन फुकट. रुग्ण कोण, औषध कोणतं, त्रास काय झाला आणि कळवणारा कोण, एवढं सांगितलं तरी नोंद होते. गोळ्यांची रिकामी पट्टी मात्र फेकू नका. बॅच नंबर तिच्यावरच असतो.