चांदीचं फुलपात्र की स्टीलचा पेला? जलरंगात फरक कुठे पडतो

चांदी रंगवायला घ्यावी आणि कागदावर स्टील उतरावं, हे फार वेळा होतं. दोन्ही भांडी चकाकतात आणि दोन्ही करडी वाटतात, म्हणून एकच करडा कालवून दोन्हीकडे चालवला जातो. घोळ तिथेच होतो.

घासलेली चांदी दृश्य प्रकाशापैकी जवळपास ९५ टक्के परत फेकते, स्टील साधारण ६० टक्के. म्हणजे चांदीला स्वतःचा करडा जवळजवळ नसतोच. समोरचा उजेड ती पांढराच दाखवते आणि माजघरातला काळोख काळाच. स्टील मात्र सगळ्यावर स्वतःचा एक मंद थर चढवतं. म्हणून स्टीलच्या पेल्याला थेट चमकणारी जागा सोडून आधी सगळीकडे फिकट करडा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, द्यावा. चांदीला असा वॉश दिला की ती मेलीच. तिथे कोरा कागद आणि जवळजवळ काळा एकमेकांना खेटून यायला हवेत.

चांदी निळा प्रकाश किंचित कमी परतवते, त्यामुळे तिच्या उजळ भागांत अगदी हलकी ऊब असते. पण कोकणातल्या घरात खरी ऊब आजूबाजूची असते. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीजवळ फुलपात्र ठेवून पाहा. पोटाच्या एका बाजूला चक्क बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, दिसेल, खाली सारवलेल्या जमिनीचा मातकट पट्टा आणि दाराच्या बाजूने माडांचा हिरवा. गोल पोटामुळे सगळं घर कडांकडे आक्रसून बारीक उभ्या पट्ट्यांत कोंबलं जातं. मधोमध एक गडद ठिपका असतो, तो म्हणजे चितारणारे तुम्ही. बरेच जण तो गाळतात. गाळू नये, भांडं आरशासारखं वाटतं ते त्याच्यामुळेच.

स्टीलची ओळख तपशिलापेक्षा उजेडाच्या आकारात असते. यंत्रावर फिरवून घासलेल्या पेल्यावर आडव्या, बारीक गोल रेषा असतात आणि उजेड त्या रेषांना काटकोनात पसरतो. म्हणून पेल्यावर वरपासून खालपर्यंत लांब उभा पट्टा दिसतो, तर ताटाच्या तळावर मधून कडेकडे जाणारे दोन समोरासमोरचे झोत. त्यांच्या कडा मऊ ठेवायच्या, म्हणजे ओलसर कागदावर काम. ठोक्याच्या चांदीत उलट असतं. प्रत्येक ठोक्याचं स्वतःचं इवलंसं प्रतिबिंब असतं आणि त्याची कड तुटक, धारदार. त्याला कागद कोरडा हवा, शक्यतो गुळगुळीत.

नक्षी असेल तर काम सोपं होतं. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. खाडीच्या चिखलातून कुजका वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हाच वायू चांदीही काळवंडवतो. रंग आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी निळसर काळा. दंतमंजनाने कितीही घासा, नक्षीच्या खोबणीत तो उरतोच. ही सावली नव्हे, त्यामुळे उजेडाच्या बाजूच्या खोबणीतही गडद तपकिरी भरायचा. स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा पातळ पापुद्रा धातूला जपतो. खाऱ्या हवेने त्यावर फार तर गंजाचे तपकिरी ठिपके येतात.

रंगांचं म्हणाल तर पेन्स ग्रे हा निळसर करडा स्टीलला चालतो. चांदीला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घ्यावेत, तेही पुरते न मिसळता, म्हणजे कुठे निळा तर कुठे तांबूस डोकावेल. बाजारातला चंदेरी रंग दोन्हीसाठी टाळावा. तो कागदावर सपाट पडतो आणि समोरचं काहीच दाखवत नाही. उजेड कोऱ्या कागदातून आणि शेजारच्या गडदातूनच येतो. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, तेही जलरंगातलंच. दिव्याभोवती अंधार किती आहे ते त्यात पाहावं.

पावसाळ्यात दोन्ही रंगवायची असतील तर आधी स्टील घ्यावं. दमट हवेत वॉश सावकाश वाळतो आणि मऊ कडांना ते सोयीचंच असतं. चांदीला प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा लागतो, हेअर ड्रायर हाताशी असलेला बरा. पांढऱ्या जागा राखायला मास्किंग फ्लुइड लावलं असेल तर ते त्याच दिवशी काढा, नाहीतर ओलसर कागदाचा वरचा थरच त्याच्याबरोबर निघून येतो.