तेल वाढवून पुढचा शॉकअप कडक होत नाही

"शॉकअप बसतोय? वीस मिली तेल जास्त टाक, कडक होईल." बाइकवाल्यांत वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे.

फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीत तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. फोर्क दबला की ती हवाही दबते आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते. तेल वाढवलं की हवेची जागा घटते. सुरुवातीच्या दाबात फरक जाणवतही नाही. खोल दबल्यावर मात्र फोर्क एकदम ताठरतो आणि मोठ्या खड्ड्यात सगळा दाब ऑइल सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगवर, येतो. मग नळीवर तेलाचं ओलं कडं दिसू लागतं. थकलेली स्प्रिंग तशीच राहते, ती बदलावीच लागते.

शिवाय तेल बदलतानाही नुसते मिली मोजून भागत नाही. कितीही निथळलं तरी जुनं तेल थोडं आत राहतंच. स्प्रिंग काढा, फोर्क सरळ उभा धरून हळूहळू वरखाली करा, बुडबुडे थांबू द्या. मग तो पूर्ण दाबून नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर स्टीलपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. यात मी तडजोड करत नाही.

डब्यावर '१०डब्ल्यू' हा तेलाच्या घट्टपणाचा ग्रेड वाचूनही निश्चिंत होऊ नका, प्रत्येक कंपनीचं १०डब्ल्यू वेगळं असतं. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटीस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक), ते बघा. बहुतेक १०डब्ल्यू फोर्क ऑइल ३० ते ५०च्या आसपास असतं. २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल शंभराच्या वर. मॅन्युअलने सांगितलं नसेल, तर उरलेलं इंजिन ऑइल फोर्कमध्ये ओतू नका.