पुगिओ : घडवून घेतलेल्या रोमन खंजिरामागचा इतिहास

हाताने घडवलेला रोमन खंजीर हवा म्हणून चांगल्या कारागिराकडे गेलात, तर तो आधी विचारतो, कुठल्या उत्खननातला? प्रश्न रास्त आहे. रोमन सैनिकांचा ‘पुगिओ’ साडेतीनशेहून अधिक वर्षं कमरेला होता आणि तेवढ्या काळात त्याची मूठ, पातं, म्यान सगळंच पालटत गेलं.

मुळात तो रोमनांचा नव्हेच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने रोमन पायदळाची शस्त्रं एकेक करून नोंदवली, त्यात खंजीर नाही. तो आला स्पेनमधल्या केल्टिबेरियन लोकांकडून, बहुधा त्यांच्याशी झालेल्या लांबलचक लढायांत. त्यांचं नुमान्शिया हे शहर इ.स.पू. 133 मध्ये रोमनांच्या हाती पडलं. त्यांच्या खंजिराच्या मुठीला दोन चकत्या असत, एक मधोमध आणि एक टोकाला. रोमनांनी मधली तशीच ठेवली, टोकाची हळूहळू अर्धगोल केली. इ.स.पू. 44 मध्ये सीझरचा खून झाला, त्यानंतर मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर दोन खंजीर आहेत. दोघांच्या मुठी वेगवेगळ्या आहेत आणि एकीवर त्या दोन चकत्या स्पष्ट दिसतात.

खरी चैन सुरू झाली पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून. 2019 साली जर्मनीत हाल्टर्नच्या रोमन छावणीजवळ एका कबरीत गंजाचा ओबडधोबड गोळा सापडला. तो साफ करायला नऊ महिने लागले. आतून निघाला म्यानासकट खंजीर : लोखंडी म्यानावर चांदीचं जडावकाम, लाल काचेचा मिना आणि आत लाकडाचं अस्तर. सोबत कमरपट्टाही होता. आता लढाईत मुख्य काम तलवारीचं. जोसेफस या ज्यू इतिहासकाराने पहिल्या शतकात लिहिलंय की पायदळातल्या सैनिकाचा खंजीर जेमतेम वीतभर असतो. वीतभर शस्त्रासाठी एवढा खटाटोप कशाला? माझ्या मते तो दाखवण्यासाठीच होता. सीझर आपल्या सैनिकांना सोन्याचांदीने मढवलेली शस्त्रं वापरू देई, कारण महागाची वस्तू माणूस रणांगणात सहजी टाकत नाही, असं रोमन चरित्रकार स्वेटोनिअस सांगतो. आणि हा भार सैनिकाच्याच खिशावर पडे. इ.स. 14 मध्ये पॅनोनिया या रोमन प्रांतात झालेल्या बंडात सैनिकांची तक्रारच ही होती, की दिवसाला दहा आस (तांब्याची नाणी) मिळतात आणि त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू भागवावे लागतात. म्हणजे नक्षीदार पुगिओ ही तेव्हाही ऐपतीप्रमाणे करून घेण्याची गोष्ट होती.

पुढे हा शौक ओसरला. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या इ.स. 113 च्या स्तंभावर शेकडो सैनिक कोरलेत, पण खंजीर दिसत नाही. तिसऱ्या शतकात तो पुन्हा वर येतो, जास्त रुंद पात्याचा आणि कमी सजलेला. जर्मनीत बव्हेरियातल्या क्युन्झिंगला पुरून ठेवलेल्या लोखंडी सामानात अशी पाती आणि म्यानं मोठ्या संख्येने निघाली.

प्रतिकृतींचा नादही जुनाच. जर्मनीत माइन्झमध्ये 1852 साली स्थापन झालेल्या संग्रहालयाच्या कार्यशाळेत उत्खननातल्या वस्तूंच्या नकला बनू लागल्या. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला सीझरचं भलतंच वेड होतं. त्याने 1860 च्या दशकात सीझरने वेढा घातलेल्या आलेसियाला उत्खनन करवलं आणि रेफी नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याकडून रोमन शस्त्रं नव्याने बनवून घेतली. ब्रिटनमध्ये 1972 साली ‘एर्माइन स्ट्रीट गार्ड’ हे हौशी पथक उभं राहिलं आणि रोमन वेश चढवून कवायत करणाऱ्या हौशी मंडळींची मागणी वाढली. आज या बाजारातला स्वस्त माल मोठ्या प्रमाणात भारतातून जातो, देहरादून हे त्याचं जुनं ठिकाण. दिसायला बरा असतो, पण पातं बहुधा गरजेपेक्षा जाड आणि म्यानावरची नक्षी नुसती ठोकून उठवलेली.

घडवून घेण्यात पैसा जातो तो इथेच. पात्याची मधली शीर घडवायला कौशल्य लागतं, पण ते काम तुलनेने लवकर आटोपतं. मूठ म्हणजे दोन पातळ लोखंडी पत्रे, मध्ये शिंग किंवा लाकूड, आणि सगळं आरपार रिव्हेटांनी आवळलेलं. खरा वेळ खातं म्यान. लोखंडात बारीक खाचा कोरायच्या, त्यात चांदीची किंवा पितळेची तार ठोकून बसवायची, मग कानशीने सगळं एका पातळीत आणायचं. मिन्याची काच भट्टीत भरायची, म्हणून ते काम लाकडी अस्तर घालण्याआधीच उरकावं लागतं. असा कारागीर क्ष-किरण चित्रं आणि उत्खनन अहवालातली मोजमापं समोर ठेवून काम करतो. गिऱ्हाईक अनेकदा म्यान हाल्टर्नचं, पातं तिसऱ्या शतकातलं असं मागतं. जाणता कारागीर तेवढ्यावरून काम नाकारतो.